मारुती ८००चे लोअर बॉल जॉइंट घरी बदलले: आठ महिन्यांनंतर

उजवीकडे अख्खा नवा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात, बॉल जॉइंट त्याच्याच टोकाला असतो), डावीकडे जुन्याच आर्ममध्ये प्रेस करून घेतलेला बाजारातला जॉइंट. पहिले तीन महिने दोन्ही बाजू सारख्याच गप्प होत्या, त्यामुळे पूर्ण आर्म घेणं उधळपट्टी वाटत होती. पावसाळ्यानंतर ते मत मागे घेतोय. डावीकडचा रबरी बूट चिरला, आत चिखलपाणी गेलं, ग्रीसचं तांबडं लोणी झालं आणि स्पीडब्रेकरवरची खटखट परत आली. शिवाय जुना जॉइंट ठोकून काढताना आर्मचं भोक सैलावतं ते वेगळंच.

खटखट म्हणजे जॉइंटच गेला, असं मात्र नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या; नुसत्या जॅकवर किंवा विटांवर अजिबात नको. चाक वर-खाली धरून हलवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर आर्म आणि नकलच्या (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून बघा; तिथे हललं तर जॉइंट गेला.

बाकी काम सोपं, खरी गंमत बॉल जॉइंटचा दांडा आवळून धरणाऱ्या नकलवरच्या आडव्या बोल्टची. लोक तो नुसता ढिला करून हातोडा घालत बसतात. बॉलच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडा बापजन्मात सुटत नाही. गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. मग नकलच्या फटीत छन्नी हलकेच बसवून आर्म खाली दाबा. छन्नी फार ठोकली तर नकलचा कान तडकतो. नकल बाहेर ओढू नका. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो, ब्रेकच्या होजवरही ताण येतो.

बसवतानाही तेच. नवा दांडा पूर्ण वर गेला की बोल्ट बोटांनी आत सरकतो. अडला तर खाच जुळलेली नाही, एवढंच. तिथे बोल्ट ठोकला की आटे गेले.

आर्मच्या आतल्या टोकाच्या रबरी बुशचा बोल्ट चाकं जमिनीवर टेकवल्यावरच आवळा. लटकत्या आर्मवर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी चाकांची अलाइनमेंट.

म्हणजे प्रेसची मजुरी गेली, अलाइनमेंट दोनदा झाली, आणि डावीकडचाही आर्म आता आणलाच आहे. सोबत तो आडवा बोल्टही नवा. चहाच्या किमतीत येतो.