पेडलचा पहिला इंच, शेवटचा इंच: जुन्या गाडीच्या क्लच-गिअरबॉक्सचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी 2009 ची, पाच गिअरची छोटी पेट्रोल हॅचबॅक, क्लच वायरवर चालणारा. रोज चाळीसगावहून शाळेत जाऊन-येऊन 28 किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा कन्नड घाट चढून सासुरवाडी. फेब्रुवारीत गिअरबॉक्स उतरवून काम केलं, त्यानंतर सव्वाआठ हजार किलोमीटर झाले. हे मार्चमध्येच लिहायला घेतलं होतं, पण म्हटलं मे निघू दे. खानदेशातला मे काढल्याशिवाय कुठल्याच दुरुस्तीला ‘बरी झाली’ म्हणू नये. 44-45 अंशांत गिअरऑइल पातळ होतं आणि थंडीत गप्प बसलेलं सगळं बोलायला लागतं.

सुरुवात झाली त्याच्या आदल्या नोव्हेंबरात. रेल्वे फाटकावर गाडी न्यूट्रलला उभी, इंजिन चालू, आणि खालून बारीक घरघर. बायको म्हणाली, ‘अहो, कळणा दळायला टाकलाय का खाली?’ आवाज अगदी तसाच होता, लांबच्या गिरणीसारखा. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. सकाळी शाळेत जाताना जवळजवळ नाहीच, दुपारी परतताना हमखास.

इथे मी चूक केली. गावातल्या एका गॅरेजात जाऊन सांगितलं, ‘क्लच दाबला की आवाज थांबतो.’ समोरच्याने त्यातला ‘क्लच’ एवढाच शब्द उचलला. क्लच प्लेट, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबलं की तो दाब काढणारं रिलीज बेरिंग असा पूर्ण सेट 4,200 चा, मजुरी 3,000. गाडी मिळाली तेव्हा आवाज खरंच कमी होता. चार-पाच दिवसांनी पुन्हा घरघर. परत गेलो तर उत्तर तयार: ‘मग गिअरबॉक्सच गेला, आख्खा बदला, जुना चांगला मिळाला तर 18,000.’ एवढ्यात माझ्या गाडीची निम्मी किंमत वसूल झाली असती.

आवाज चार दिवस का दबला होता ते नंतर कळलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही ॲक्सल ओढावे लागतात, आणि ते ओढले की ऑइल सांडतं. म्हणजे क्लच बदलताना नवं ऑइल पडतंच. झिजलेल्या बेरिंगला नवं ऑइल मिळालं, म्हणून ते थोडे दिवस गप्प बसलं. आजार तिथेच.

मग एका सहकाऱ्याने धुळे रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे पाठवलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, ‘गुरुजी, पहिले आयकी तं ल्या, मंग खोलूत.’ मला सीटवर बसवलं, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवलं आणि एकच विचारलं: ‘आवाज कव्हय येस?’ मी म्हटलं, पाय काढल्यावर. त्यावर म्हणाले, पेडल एकदम दाबू नका, हळूहळू खाली न्या आणि कुठल्या इंचाला आवाज थांबतो ते सांगा.

या एका वाक्याने माझे 7,200 रुपये वाचले असते. म्हणून हेच जरा सविस्तर लिहितो.

वायरच्या क्लचमध्ये पेडलला वर थोडी मोकळी चाल असते, माझ्या गाडीत साधारण पाऊण इंच. तेवढ्यात रिलीज बेरिंग प्रेशर प्लेटच्या पात्यांना टेकतं. त्याच्या पुढे दाबलं की बेरिंगवर जोर येतो आणि ते फिरू लागतं. अगदी खाली गेलं की क्लच प्लेट सुटते आणि गिअरबॉक्सची इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर आत घेणारा दांडा, थांबते. आता आवाज या तीन जागांवर लावून बघा. पाय ठेवला की कुईकुई किंवा घरघर सुरू होते आणि दाबाबरोबर वाढते, तर रिलीज बेरिंग. पहिल्या इंचातच, नुसता पाय टेकवताच खडखड थांबते, तर बेरिंग किंवा त्याला ढकलणारा फोर्क ढिला खुळखुळत असतो आणि हलक्या दाबाने जागेवर बसतो. पहिल्या इंचाला काहीच फरक नाही, शेवटच्या इंचाला आवाज हळूहळू उतरत बंद, तर शाफ्ट थांबली म्हणून आवाज थांबला. म्हणजे क्लच नव्हे, गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेरिंग.

माझा आवाज शेवटच्या इंचाला थांबत होता. गॅरेजवाल्याने ऐकलं ते ‘क्लच दाबला की थांबतो’ आणि पहिल्या शक्यतेचं काम केलं. त्याला एकट्याला दोष देत नाही, मीही तेच अर्धं वाक्य बोललो होतो.

शेजाऱ्यांच्या जुन्या जीपला आणखी एक युक्ती लागू पडते, माझ्या गाडीला नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चौथा गिअर बहुतेक वेळा थेट असतो, म्हणजे जोर गिअरबॉक्समधल्या खालच्या शाफ्टवरून न जाता सरळ पुढे जातो, त्यामुळे बाकी गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांत, तर संशय खालच्या शाफ्टवर. आणि त्या गाड्यांत फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) मध्यभागी इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेरिंग असतं. गाडी गिअरमध्ये उभी असताना पेडल पूर्ण दाबून आवाज येतो तो त्याचा. छोट्या आडव्या इंजिनच्या गाड्यांत ते बहुधा नसतंच, तेव्हा कोणी पायलट बेरिंगचे पैसे लावले तर जुनं बेरिंग दाखवायला सांगा.

नानांनी पुढे लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक गिअरबॉक्सच्या डब्याला लावून मलाही ऐकवलं. इंजिनच्या बाजूला घरघर स्पष्ट, दुसऱ्या टोकाला कमी. फिरते पट्टे शेजारीच असतात, बाह्या आणि गमछा सांभाळून. मग आधी वरचा भरायचा बोल्ट उघडला, नंतर खालचा. ही खूणगाठ बांधून ठेवा: भरायचा बोल्ट उघडतो याची खात्री झाल्याशिवाय ऑइल सोडायचं नाही. तो जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. खालचा उघडण्याआधी वरच्या भोकात बोट घातलं तर पातळी बोटाला लागेना. म्हणजे क्लच बदलताना डिसेंबरात भरलेलं ऑइल दोन महिन्यांत पुन्हा कमी झालं होतं. खालच्या बोल्टच्या चुंबकाला करडी पेस्ट होती, ती थोडी असणं साहजिक. पण तिच्यात चमचमणारे कण होते. नानांनी दोन बोटांत चोळलं आणि माझ्या बोटांवर ठेवलं. टोचलं. पेस्ट टोचत नाही.

ऑइल जात होतं डाव्या ॲक्सलच्या सीलमधून. अंगणात काळपट डाग वर्षभर दिसत होता, मी तो इंजिन ऑइलचा समजून इंजिनचं ऑइल बघत बसलो. वास घेतला असता तरी कळलं असतं, गिअरऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो.

खर्च सांगतो. इनपुट शाफ्टची दोन्ही बेरिंगं 1,450, दोन्ही ॲक्सलची सीलं आणि इनपुट शाफ्टचं सील मिळून 600, ऑइल सव्वादोन लिटर, मजुरी 4,000. उतरवलेलंच आहे तर इंजिनच्या मागच्या बाजूचं, क्रँकचं सीलही तपासून घेतलं, कोरडं होतं. तिथून ऑइल गळलं तर नवी क्लच प्लेट तेलात भिजते आणि पहिल्या गिअरला गाडी थरथरत उठते. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं तेच, 75W-90 (दाटपणाचा आकडा) जीएल-4 (ऑइलचा वर्ग). दुकानदार ‘जीएल-5 घ्या, वरची क्वालिटी’ म्हणत होता. आकडा मोठा म्हणजे ऑइल चांगलं, असं इथे नसतं. काही जीएल-5 ऑइलमधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत, आणि त्यांचा निसरडेपणा सिंक्रोला पकडू देत नाही. पुस्तकात जे आहे ते टाकावं.

आता आठ महिन्यांचा हिशोब. न्यूट्रलची घरघर गेली ती गेलीच, मेच्या दुपारीही आली नाही. पाटणादेवीच्या रस्त्यावर रहदारी कमी, तिथे काचा खाली करून महिन्यातून एकदा ऐकतो. गावात शिरताना दगडी कुंपणाच्या भिंतीलगत दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवलं की भिंतीवरून आवाज परत येतो, तेही चांगलं यंत्र आहे, फुकट. ऑइलची पातळी जुलैत आणि परवा अशी दोनदा बघितली, जागेवर.

तिसऱ्यावरून दुसऱ्यात झटकन टाकलं तर मात्र अजूनही कर्र होतं. ते सिंक्रोचं, बेरिंगच्या कामाने जाणार नव्हतं, आणि नानांनी तसं आधीच सांगितलं होतं. क्लच पूर्ण सुटत नाही की सिंक्रो झिजलाय हे ओळखायला रिव्हर्स वापरा: पेडल पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर क्लच ओढतोय, वायर तपासा. माझा शांतपणे पडतो, तेव्हा सिंक्रोच. घाटात दुसऱ्यात टाकताना अर्धा श्वास न्यूट्रलला थांबतो, काम भागतं. त्या रिंगेसाठी पुन्हा डबा उतरवायची माझी तरी तयारी नाही.

माझ्या पायाची सवयही बदलली. कन्नड घाटात ट्रकमागे अर्ध्या क्लचवर रांगणं मी कौशल्य समजत होतो. आता पुढच्या गाडीला पन्नास फूट पुढे जाऊ देतो, हँडब्रेकवर उभा राहतो आणि मग पूर्ण क्लच सोडून पहिल्यात एकदम जातो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्या.

नवा क्लच सेट वाया गेला का? जुनी प्लेट मी मागून घेतली होती, रिव्हेटच्या वर अजून बराच मसाला (घासणारा थर) शिल्लक होता. तिसऱ्या गिअरमध्ये हँडब्रेक ओढून क्लच सोडला की इंजिन लगेच बंद पडत होतं, म्हणजे घसरतही नव्हती. दोन वर्षं आरामात चालली असती. वाया गेला म्हणा.

गेल्या महिन्यापासून साठच्या वर एक नवीन घूं सुरू झालाय. न्यूट्रलला टाकून उतारावर सोडली तरी येतो, इंजिन कमी-जास्त केलं तरी तोच, गतीबरोबर चढतो. उजव्या वळणावर वाढतो, डाव्यावर उतरतो. भार डावीकडे गेला की ओरडतंय, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाचं बेरिंग. नानांना फोनवर एवढंच सांगितलं. ते म्हणाले, बेरिंग घेऊनच या. घेऊन ठेवलंय, दिवाळीच्या सुटीत जाईन.