१३.८ व्होल्ट दाखवून ८,५०० ला चुना

एचएफ सेटसाठी (हौशी रेडिओचा वायरलेस सेट) जुना ३० अँपिअरचा लिनिअर पॉवर सप्लाय (घरच्या विजेवरून सेटला डीसी देणारी पेटी) घेतला, पुण्यात पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून. ८,५०० रुपये. "कॅपॅसिटर सगळे नवे टाकलेत साहेब," आणि टेस्टिंग काय, तर मल्टिमीटर लावून १३.८ दाखवलं. बिनलोडचं, म्हणजे पुढे काहीच न जोडता! बिनलोडचं १३.८ कुणीही दाखवेल हो, डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतं, रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, त्यात दिसतच नाही.

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पिशवीत गाडीचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब होता, मुद्दाम नेलेला, साडेचार अँपिअर तरी ओढतो. तो बाहेर काढला तर हा म्हणतो, "लोड लावला की वॉरंटी जाते." सप्लायला लोड लावायचा नाही तर काय पूजेला ठेवायचा? तिथेच उठायला हवं होतं. पण बाहेर पाऊस, गाडी नो पार्किंगात, आणि माणूस असला गोडबोल्या की तुम्हीही बल्ब परत पिशवीत टाकला असता. वर "बिल हवं तर १८ टक्के जास्त." म्हणजे १,५३०. नको म्हटलं. कोण घेतं?

घरी पीटीटी (सेटवर बोलायचं बटण) दाबलं की समोरचा म्हणे तुमच्यावर हम येतोय, गुणगुण. मित्राच्या स्कोपवर (व्होल्टेजची रेघ काढून दाखवणारं यंत्र) एसी कपलिंगला, म्हणजे फक्त चढउतार दिसेल असं, टाकून दोन बल्ब लावले, तर सेकंदाला शंभर खड्डे, दोन-दोन व्होल्टचे. बल्ब काढले की रेघ सपाट. मेन्स ५० हर्ट्झ, एसीचं डीसी करणाऱ्या फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर १००, म्हणजे हे खड्डे भरणारा कॅपॅसिटरचा फिल्टरच बोंबललेला. २२,००० मायक्रोफॅरड छापलेले दोन डबे होते, कापले तर प्रत्येकात अंगठ्याएवढा जुना ४,७०० चा चिकटवलेला. (कापण्याआधी रेझिस्टरने डिस्चार्ज करा, नाहीतर चटका बसेल.)

दुकानदार म्हणतो, "तुम्हीच बदलले असतील." चौकीवर गेलो तर साहेब, "सप्लाय चालू होतो ना? मग फसवणूक कसली, देवघेवीचा वाद आहे हा." रिपल समजावायला लागलो तर "वायरलेस सेट? लायसन दाखवा आधी." चोर तिकडे गल्ल्यावर आणि माझं हॅम (हौशी रेडिओ) लायसन तपासतायत! ते झालं, मग ग्राहक तक्रारीच्या टेबलावर, तिथे पहिला प्रश्न बिल कुठंय, जीपेचा स्क्रीनशॉट पुढे केला तर म्हणे यावर वस्तूचं नाव कुठंय.

बिल घ्या, १८ टक्के गेले खड्ड्यात. स्कोप नसेल तर मीटर एसी रेंजवर, प्रोबला सिरीजमध्ये एक मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर, आणि लोड लावूनच बघा, चांगला सप्लाय काही मिलीव्होल्टच्या वर जात नाही. बल्ब लावू देत नसेल तर चालू पडा.