मोडलेला पाय, सासूबाई आणि बासू चटर्जींचे तीन सिनेमे

जिन्यात घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. डोंबिवली-सीएसएमटीचा माझा पंचवीस वर्षांचा रतीब पहिल्यांदाच एवढा तुटला. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि टीव्ही. मारामारी आईंना सोसत नाही, रडकं मला नको. म्हणून बासू चटर्जींचे तीन सिनेमे काढले. तिन्हींत अमोल पालेकर.

पहिला 'रजनीगंधा', १९७४ चा. दिल्लीची दीपा, म्हणजे विद्या सिन्हा. तिचा संजय कायम उशिरा येणार आणि आला की ऑफिसातल्या भानगडींची टकळी लावणार. मुलाखतीसाठी ती मुंबईला येते, तिथे जुना मित्र नवीन भेटतो. हा वेळेवर येतो, तिच्यासाठी खटपटही करतो. टॅक्सीतल्या गाण्यात तिचा पदर वाऱ्याने त्याच्याकडे जातो, आणि दोघंही काही बोलत नाहीत. त्या एका पदरासाठी मी गाणं दोनदा लावलं. मुकेशला याच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आईंचा कौल मात्र पहिल्यापासून संजयला. "अगं, निशिगंध घेऊन येतो ना तो? मग?" आमचे हे तेवढ्यात आत आले आणि युनियनच्या मीटिंगचं सांगत बसले. फुलं नव्हतीच.

'छोटी सी बात' दुसऱ्या दिवशी. हा तिघांत सगळ्यात आवडला, आणि भांडणही याच्याशीच. बसस्टॉपवर प्रभाकडे चोरून बघणारा बुजरा अरुण, आणि स्कूटर फटफटवत मध्ये घुसणारा असरानीचा नागेश. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे दिसलं आणि मी टीव्ही थांबवला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मैत्रिणींबरोबर तिथे चहा प्यायले आहे. २०१५ मध्ये ते बंद झालं.

खंडाळ्याला कर्नल झालेल्या अशोककुमारकडे अरुण शिकवणीला जातो, तिथे मात्र माझी कुरबुर. बुजरेपणा जावा हे ठीक, पण समोरच्याला कमी दाखवण्याचे डावपेच कशाला? शिवाय रोज मुलीच्या मागे मागे जायचं हे आज माझ्या लेकीला सांगितलं तर ती पोलिसांत जाईल. तेव्हा मीही हसलेच असते. आणि खरं सांगायचं तर आताही हसले. टेबल टेनिसच्या प्रसंगात अरुण नागेशची जी भंबेरी उडवतो, ती बघताना आईंचा चहा सांडला.

'बातों बातों में' (१९७९) आधी लागला असता तर जास्त आवडला असता. वांद्र्याची नॅन्सी, लोकलमध्ये समोर बसणारा टोनी, आणि लेकीच्या लग्नासाठी हात धुऊन मागे लागलेली पर्ल पदमसी. आई तिच्यावर खूश, "ही आमच्या वन्संसारखी." मला गोष्ट मध्येच रेंगाळलेली वाटली. आणि सकाळच्या गाडीत अशी समोरासमोर ऐसपैस जागा! आमच्या ८.१२ च्या लेडीज डब्यात नॅन्सीला पर्स पोटाशी धरून दिवा स्टेशनापर्यंत एका पायावर उभं राहावं लागलं असतं. प्रेम कुठून जमणार?

सोमवारी प्लास्टर निघतंय. त्याआधी आईंना 'तो स्कूटरवाला' पुन्हा बघायचाय. पूर्ण सिनेमा नको म्हणतात, फक्त त्याची फजिती.