परदेशातलं मूल दत्तक: आधी फोटो आला, तर तिथेच थांबा

मूल दत्तक घ्यायला निघालेल्या जोडप्याला फसवणं सोपं असतं, कारण ते आधीच थकलेलं असतं. ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे नाव नोंदवलं तरी लहान बाळासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. अशात कुणाच्या तरी ओळखीतून एक नंबर मिळतो. ‘‘ताई, इथली रांग सोडा. बाहेरच्या देशातलं बाळ चार महिन्यांत घरी आणून देतो.’’ आणि त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो: गुलाबी टोपीतलं, मुठी मिटून झोपलेलं दीड महिन्याचं बाळ.

माणूस फसतो तो इथेच. पैसे नंतर जातात.

खऱ्या प्रक्रियेत फोटो आधी येतच नाही. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याचे नियम ठरवणाऱ्या १९९३च्या हेग दत्तक कराराला भारताने २००३मध्ये मान्यता दिली. त्यातला क्रम पक्का आहे. आधी सामाजिक कार्यकर्ता तुमच्या घरी येऊन होम स्टडी करतो; उत्पन्न, तब्येत, नात्यातली माणसं, सगळं विचारतो. तुम्ही पात्र आहात हे कारा त्या देशाला कळवते. मग तिथल्या केंद्रीय यंत्रणेकडून मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. दोन्ही देशांचा होकार झाला की दत्तकाचा आदेश त्या देशाच्या कायद्याने होतो. मूल परदेशी पासपोर्टवर येतं, त्यामुळे शेवटी तिथल्या भारतीय दूतावासातून व्हिसा काढावा लागतो. नात्यातलं मूल नसेल, तर तुमच्या पात्रतेची आणि मुलाच्या दत्तकाची ही सुरुवातीची मान्यता होईपर्यंत जन्मदात्या आईवडिलांशी संपर्कच ठेवायचा नसतो. ‘आईशी व्हिडिओ कॉल करून देतो’ म्हणणाऱ्याला हा नियम माहीत नाही, किंवा माहीत असून तो मोडतोय.

एजंट कोणत्या देशाचं नाव घेतो तेही तपासा. इथिओपियाने २०१८मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. चीनने २०२४मध्ये, जवळच्या नातेवाइकांचा अपवाद ठेवून.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी ‘फाइल उघडायचे’ दहा-पंधरा हजार, मग बाळाच्या लसी, मग अचानक न्यूमोनिया आणि रुग्णालयाचं बिल. आजारी बाळासाठी नाही म्हणणं कुणालाच जमत नाही, म्हणून बिल त्याच टप्प्यावर येतं. खातं मात्र प्रत्येक वेळी एखाद्या व्यक्तीचं असतं. देशांतर्गत दत्तकात होम स्टडीची ठरलेली फी ६,००० रुपये आहे आणि तिची पावती मिळते.

विश्वास बसावा म्हणून एजंट ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर नेतो. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, त्यावर ‘स्वखुशीने मूल देत आहे’, खाली अंगठा, नोटरीचा गोल शिक्का, लाल सील. कागद भारदस्त दिसतो, पण त्याने दत्तक होत नाही. कारामार्फत देशातलं मूल घेतलं तरी आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि ते कार्यालय त्याच नाक्यावर आहे. आत जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

सगळ्यात घातक वाट नेपाळची. ‘सीमेवर व्हिसा लागत नाही, गाडीतून आणू,’ असं सांगितलं जातं. मूल खरंच घरी येतं, पण जन्मदाखला नसतो, आदेश नसतो, आणि शाळेच्या दाखल्यापाशी सगळं उघड होतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ नुसार मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. प्रक्रिया टाळून मूल घेणाऱ्यालाही कलम ८० लागू होतं.

चौकशीसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. नवी मुंबईत राहत असाल, तर वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे कार्यालय अलिबागला. पत्ता चुकला की फेरी फुकट जाते.

पैसे गेले असतील तर आजच, शक्यतो त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येऊ शकते. मूल घरात आलं असेल तर लपवू नका. वकिलाला बरोबर घेऊन स्वतःहून बालकल्याण समितीसमोर जा.

आणि रागाच्या भरात तो फोटो पुसून टाकू नका. चॅटसकट पोलिसांना द्या. फोटोतलं बाळ खरं असू शकतं, आणि त्याचे आईवडील कुठेतरी त्याला शोधत असतील.