विहिरीत हिरे निघाले म्हणून आम्ही एक लाख घालवले

आमचं शेत जामनेर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या अंगाला. २०२५ च्या मे महिन्यात कपाशीच्या लागवडीआधी चाळीस फुटी विहीर आणखी पंधरा फूट खोल करायला घेतली. आधी नुसता काळा पाषाण. मग मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा खडक, लागला आणि एका सुरुंगानंतर यारीवरचा पोरगा खालून ओरडला, "दादा, बॅटरी घेऊन या, खाली कपाट उघडलंय!"

खडकात रांजणाएवढी पोकळी होती. बॅटरी मारली तसा आतला सगळा पृष्ठभाग लखलखला. एका बाजूला गारगोटीचे टोकदार दाणे, मधे पिकल्या पीचच्या रंगाच्या, कडब्याच्या पेंढीसारख्या मधे आवळलेल्या जुड्या, आणि त्यांच्यावर काचेसारखे स्वच्छ चौकोनी खडे. एका कोपऱ्यात मुठीएवढा पोपटी गुच्छ होता. तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

चौथ्या दिवशी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पितळी भिंग, हातात पांढऱ्या कापडाची थैली. म्हणाला, मी जिऑलॉजिस्ट, नागपूरच्या सरकारी खात्याचं काम करतो. आबांच्या पाया पडला. एक स्वच्छ खडा स्टीलच्या चिमट्यात धरला, खिशातून पेनासारखं यंत्र काढून टेकवलं, आणि ते वाजलं. मग गारगोटीचा एक दाणा उचलून आमच्या बाटलीवर ओढला. पांढरी रेघ उमटली. "आबा, काच फक्त हिरा कापतो."

आबा खाली बसले. आईने चहा टाकला. मी आयटीआय केलेला माणूस, गावात लोक मला फॉर्म भरायला बोलावतात, पण त्या दोन मिनिटांत मीही त्याच्याच डोळ्यांनी बघायला लागलो होतो.

पुढचं झपाट्याने घडलं. तपासणीचे साडेचार हजार, आठ दिवसांनी लॅबच्या सर्टिफिकेटचे अडतीस हजार, त्यानंतर "उत्खननाच्या परवानगीचं डिपॉझिट" साठ हजार. शेवटच्या पैशांसाठी आईची पोत गहाण पडली. एकूण एक लाख दोन हजार पाचशे. प्रत्येक वेळी क्यूआर कोड वेगळ्या नावाचा. मी विचारलं तर म्हणाला, ऑफिसच्या अकाउंटंटचा आहे. जाताना पोपटी गुच्छाकडे बोट दाखवून सहज बोलला, "हा मळ आहे, हिऱ्यावर चढतो. नमुना म्हणून नेतो." तो गुच्छ त्याने आधी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, मग टॉवेलमध्ये, मग आमच्याकडून कापूस मागून घेऊन त्यात. ज्यांना हिरे म्हणत होता ते खडे मात्र साध्या पिशवीत आमच्याकडे टाकून गेला. मळाला इतकं जपून कोण नेतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जुलैत त्याचा फोन बंद झाला. मी ती पिशवी घेऊन जळगावला गेलो. ओळखीच्या सराफाने स्वतःचं हिरा तपासायचं पेन खड्याला लावलं. काहीच नाही. मी चिमट्याचं सांगितलं तेव्हा त्याने पेन स्वतःच्या अंगठीला टेकवलं आणि ते वाजलं. हे यंत्र खड्यातून उष्णता किती वेगाने जाते ते बघतं. टोक धातूला लागलं तरी वाजतं. धातूचा आवाज निराळा असतो, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कुठून कळणार?

सराफानेच मला भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांचा पत्ता दिला. सरांनी खडे टेबलावर मांडले आणि माझ्या हातात साधा पॉकेट चाकू दिला. "ओढ." ओढला, तर चौकोनी खड्यावर चरा पडला. कठीणपणाच्या मोहस मापावर नख साधारण अडीच, चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी सात आणि हिरा दहा. आमचे खडे साडेचार ते पाच. काचेवर रेघ गारगोटीही ओढते, म्हणूनच त्या माणसाने बाटलीसाठी गारगोटी उचलली आणि पेनासाठी चौकोनी खडा. दोन दगड, दोन खेळ, आणि आम्ही ते एकच समजलो.

मग सरांनी चौकोनी खडा उजेडात धरून त्याचा माथा दाखवला. माथ्यावर मोत्यासारखी झाक, बाजूंवर बारीक उभ्या रेघा. चाकूचं टोक लावलं तर पत्त्यासारखा पापुद्रा सुटला. हे अपोफिलाइट नावाचं खनिज. पेंढीसारखं होतं ते स्टिलबाइट, झिओलाइट खनिजांच्या जातीतलं. त्याची एक कपची सरांनी दिव्यावर धरली, ती फुगून चरचरली, आतलं पाणी वाफ होऊन निघालं. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हाच प्रकार बघून "उकळणारा दगड" अशा अर्थाने झिओलाइट हे नाव दिलं. शेवटी सरांनी खडा दोऱ्याला बांधून आधी कोरडा तोलला, मग पाण्यात बुडवून. पाण्याच्या सव्वादोन ते अडीचपट जड भरला. हिरा साडेतीनपट भरतो.

हे सगळं करायला अर्धा तास लागला. मी तिथून उठू शकत नव्हतो.

सरांनी समजावलं की आपला दख्खनचा बसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. म्हणूनच ते खाणीत, रस्त्याच्या कटिंगमध्ये आणि विहिरीत सापडतात. हिरा दीडशे किलोमीटरहून खोल तयार होतो आणि किंबरलाइटसारख्या वेगळ्याच खडकातून वर येतो. मध्य प्रदेशात पन्नाला मिळतो तो तसा. मांजऱ्यात हिरा मिळत नाही. कोणी कितीही पेनं वाजवो.

आणि मग सरांनी पोपटी गुच्छाबद्दल विचारलं. मी वर्णन केलं, फोनमधला फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले. स्टिलबाइटवर बसलेलं हिरवं अपोफिलाइट, न तुटलेलं. जळगावचे असे नमुने जगभरातले संग्राहक शोधत असतात. अमेरिकेत टूसॉनला दरवर्षी खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे भारतातले झिओलाइट टेबलांवर मांडलेले असतात. नमुन्याची किंमत वजनावर नसते. टोक शाबूत आहे का, रंग कसा आहे, खालचा दगड कसा आहे, यावर असते. एक कोपरा उडाला की निम्मं मोल गेलं. त्या माणसाला दगड नेमका ओळखता येत होता. रोख रक्कम वरकमाई होती, तो आला होता गुच्छासाठी.

मला जास्त राग याचा येतो. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, फर्दापूरला अजिंठ्याच्या वाटेवर पोरं हेच दगड हातात घेऊन पर्यटकांमागे फिरतात, आणि आम्ही आयुष्यभर ते बांधाला टाकत आलो. विहिरीतून निघालेल्या अशा दगडावर आबांनी कोंबड्यांचं खुराडं रचलंय.

तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) खाली. पैसे गेल्यावर आम्ही दोन महिने गप्प बसलो, ते महागात पडलं. ऑनलाइन पैसे गेले की त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा, खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. गौण खनिजाची परवानगी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे, कलेक्टर ऑफिसात विचारावी. सरकारी रक्कम चलानाने भरतात, कोणाच्या खाजगी क्यूआर कोडवर नाही. आणि पोकळी उघडली तर लगेच घण घालू नका. फोटो काढा, कडेचा खडक सोडवून आख्खा तुकडा वर घ्या, गोणपाटात ठेवा, आणि दुसऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय नमुना म्हणूनसुद्धा काही हातचं देऊ नका.

तो माणूस अजून सापडलेला नाही. भिंग, पांढरी थैली, स्टीलचा चिमटा, बोलण्यात सारखं "आबा, आबा". पहूर, पारोळा, चाळीसगाव, साक्री, जिथे जिथे विहिरीचं काम चालू असेल तिथे तो जाईल. आला तर चिमटा बाजूला ठेवायला सांगा, खडा लाकडी पाटावर ठेवा आणि मग म्हणावं, लाव आता पेन.