प्रागच्या चौकात माझे २०० युरो कसे गेले

व्हिएन्नाहून रेल्वेने मी आणि ताई रविवारी संध्याकाळी प्रागला उतरलो. झेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. हे आम्हाला माहीत होतं. पण कोरुनाची नोट दिसते कशी, हे दोघींपैकी एकीनेही आधी पाहून ठेवलं नव्हतं. सगळं नुकसान तिथून सुरू झालं.

जुन्या शहराच्या चौकाजवळ पैसे बदलून देणारी दुकानं ओळीने आहेत. तेव्हा एका युरोला साधारण २५ कोरुना मिळायला हवे होते आणि आम्ही पाहिलेल्या दोन्ही दुकानांचा दर त्याहून बराच कमी होता. आम्ही फलक वाचत उभ्या असताना एक माणूस जवळ आला. नीटनेटके कपडे, इंग्रजी उत्तम, वागणं अतिशय अदबीचं. ‘दुकानदार लुबाडतात. मला युरो हवेच आहेत, मी २६ ने देतो,’ म्हणाला. २०० युरोचे ५२०० कोरुना.

त्याने आधी २०० कोरुनाची नोट माझ्या हातात दिली आणि स्वतःच म्हणाला, ‘उजेडात धरून बघा.’ मी धरली. जलचिन्ह होतं, धागा होता. मग मी युरो दिले आणि त्याने ५००० ची एक नोट घडी करून माझ्या मुठीत ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि ‘पोलीस आहेत’ म्हणत निघून गेला. घडी उघडून मी फक्त आकडा पाहिला. पाच हजार. बाकी काहीच पाहिलं नाही.

हॉटेलच्या काउंटरवर ती नोट दिली तेव्हा तिथल्या मुलीने ती हातात घेतली आणि लगेच परत सरकवली. ‘ही आमची नाही. बेलारूसची आहे, जुनी.’ बिचारीचा चेहराही पडला. असे प्रवासी तिने आधीही पाहिले होते.

माझी नोट बनावट नव्हती, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. ती छापखान्यातून आलेली खरी नोट होती. कागद, जलचिन्ह, धागा, हाताला लागणारी छपाई, खोटी नोट ओळखण्याच्या ज्या ज्या खुणा आपल्याला शिकवतात त्या सगळ्यांत ती उत्तीर्ण झाली असती. पण बेलारूसने १ जुलै २०१६ रोजी आपल्या रुबलवरची चार शून्यं कापली. जुने १०,००० म्हणजे नवा १. त्या हिशेबाने माझे पाच हजार म्हणजे अर्धा रुबल. जुन्या नोटा बदलून घ्यायची मुदतही ३१ डिसेंबर २०२१ ला संपली, त्यामुळे तो अर्धा रुबलही आता मिळत नाही. बल्गेरियाच्या जुन्या लेवा नोटाही प्रागमध्ये अशाच खपवल्या जातात. १९९९ मध्ये तिथे हजार जुन्या लेवांची एक नवी लेवा झाली. चलन रद्द होतं, पण कागदावरचा मोठा आकडा तसाच राहतो आणि हे लोक तोच आकडा विकतात.

ओळखणं खरं तर अवघड नव्हतं. झेक नोटेच्या दर्शनी बाजूला माणसाचा चेहरा असतो. २०० वर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, २००० वर गायिका एमा देस्तिनोवा, ५००० वर चेकोस्लोव्हाकियाचे दाढीवाले पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. अक्षरं इंग्रजीसारखी, रोमन. माझ्या नोटेवर इमारत होती आणि लिपी रशियनसारखी. पहिली नोट अस्सल दिली ती याचसाठी, की दुसरी कोणी तपासू नये.

आम्ही पोलिसांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, त्या माणसाचं वर्णन विचारलं. पैसे मिळाले नाहीत. रस्त्यावर असा व्यवहार करणाऱ्याकडे परवाना नसतो, पावती नसते, म्हणून हातात काहीच उरत नाही. सगळ्यात वाईट त्या रात्री एक गोष्ट कळल्यावर वाटलं. एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे, की परवानाधारक दुकानात १००० युरोपर्यंतची रक्कम बदलली आणि दर पटला नाही, तर तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो. ज्या दुकानांना आम्ही घाबरलो, तिथे निदान परतीची वाट होती.

हॉटेलातल्या एका प्रवाशाने सुचवलं, की गर्दीच्या बाजारात ती नोट चालवून टाका. ताई एकदम म्हणाली, ‘आपल्याला फसवलं म्हणून आपण कुणाला फसवायचं का गं?’ मला तिचं फार बरं वाटलं. आणि नोट खरोखर बनावट निघाली तर हा नुसता नीतीचा प्रश्न राहत नाही. खोटी आहे हे कळल्यावर ती पुढे देणं हा गुन्हा आहे, मग ती तुमच्याकडे कशीही आलेली असो. बँकेत दिली तर बँक ती ठेवून घेते आणि मोबदला देत नाही. ते नुकसान सोसावं लागतं.

त्याच रात्री आम्ही पाकिटातल्या सगळ्या परदेशी नोटा पलंगावर मांडल्या. ताईकडे इंग्लंडच्या जुन्या प्रवासातल्या २० पौंडांच्या दोन कागदी नोटा निघाल्या, अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथ यांचं चित्र असलेल्या. ३० सप्टेंबर २०२२ नंतर त्या दुकानात चालत नाहीत. पण त्या वाया गेलेल्या नाहीत. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कधीही बदलून देते, टपालानेही. स्वित्झर्लंडच्या आठव्या मालिकेच्या नोटा ३० एप्रिल २०२१ ला बंद झाल्या, त्याही तिथली राष्ट्रीय बँक मुदतीशिवाय घेते. म्हणजे ‘रद्द’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. तुमच्या घरात अशा नोटा पडून असतील तर फेकू नका, आणि परदेशात कोणी सुट्ट्या पैशांत अशी नोट दिली तर घेऊही नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेला लागून असलेल्या एटीएममधून पैसे काढले. पडद्यावर ‘तुमच्या चलनात रक्कम आकारू का’ असं विचारलं. त्याला नकार देऊन कोरुना निवडले, कारण होकार दिला की दर एटीएमवाल्यांचा लागतो. २००० ची नोट बाहेर आली तेव्हा ताईने ती बेलारूसच्या नोटेशेजारी धरली आणि मी दोन्हींचा फोटो काढला. ओळखीचं एक कुटुंब दोन दिवसांनी प्रागला येणार होतं. तो फोटो आधी त्यांना पाठवला.