नागपूरच्या महाल भागातील फोटो-फ्रेमचे दुकान : काम चोख, मजकुराकडे मात्र लक्ष ठेवा

टोरांटोहून आलेल्या भाच्याने बिल बारिल्को या आइस हॉकीपटूच्या प्रसिद्ध कृष्णधवल छायाचित्राची मोठी प्रत मला दिली होती, ती मी पोळ्याच्या आधी या दुकानात फ्रेमसाठी नेली. तयार मापाची फ्रेम स्वस्त पडली असती, परंतु तिच्यात बसवण्यासाठी छायाचित्राची एक कड कापावी लागणार होती. मालकांनी कात्री घेण्यापूर्वी ‘यात महत्त्वाचे काय?’ असे विचारले, आणि या एका प्रश्नासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

महत्त्वाचे होते ते हवेत आडवा झालेला बारिल्को आणि पडलेला गोलरक्षक गेरी मॅकनील यांच्यातील अंतर. २१ एप्रिल १९५१ रोजी आइस हॉकीच्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीतील पाचव्या सामन्यात, जादा वेळेत, टोरांटो मेपल लीफ्सच्या या बचावपटूने जागा सोडून पुढे धाव घेतली आणि माँट्रियल कॅनेडियन्सवर विजयी गोल केला. त्या फेरीतील पाचही सामने जादा वेळेत गेले होते. अशा सामन्यात बचावपटूने पुढे जाणे म्हणजे चूक झाली तर मागे कोणी नाही. कड कापली असती तर नेमके हे धाडसच कापले गेले असते. त्यांनी वेगळ्या मापाची सागवानी पट्टी केली आणि पावसाळ्यात छायाचित्र काचेला चिकटू नये म्हणून रुंद माउंट, म्हणजे कडेने जाड पुठ्ठ्याची चौकट, घातला. कोपरे निर्दोष आहेत. आठ दिवसांचे तेरा झाले, पण पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवसांत महालात कोणाकडून वेळेची अपेक्षा करावी!

खरा घोटाळा खालच्या पितळी पट्टीवर झाला. मी ‘१९४७–१९५१’ असे लिहून दिले होते. बारिल्कोची कारकीर्द एवढीच : पाच हंगाम, नियमित स्पर्धेतील २५२ सामने आणि चार स्टॅन्ली चषक. त्या गोलनंतर चारच महिन्यांनी, २६ ऑगस्ट रोजी, मासेमारीहून परतताना त्याचे छोटे विमान बेपत्ता झाले. तो २४ वर्षांचा होता. अवशेष १९६२ साली सापडले, आणि मधल्या काळात लीफ्सना चषक मिळाला नव्हता, तो त्याच वर्षी मिळाला. कोरणाऱ्या कारागिराकडे बहुधा दिवंगतांचीच छायाचित्रे येत असावीत, कारण त्याने ‘कै. बिल बारिल्को, जन्म १९४७, मृत्यू १९५१’ असे कोरून दिले. चौथ्या वर्षी वारलेला हा धिप्पाड गृहस्थ पाहून मालकही हसले, आणि त्यांनी दोन दिवसांत नवी पट्टी विनामूल्य बसवून दिली.

एकूण १,८५० रुपये लागले. कोरायचा मजकूर कागदावर पूर्ण वाक्यात द्यावा आणि कोरण्यापूर्वी एकदा दाखवायला सांगावे. हार अडकवण्यासाठी वर ठोकलेला खिळा मात्र त्यांनी काढला नाही, आणि मीही तो तसाच ठेवला आहे.